जुनी नाटकं ऑनलाइन बघताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'नटसम्राट' दाखवायचं ठरलं. नाशिकमध्ये, तेही मराठी भाषा गौरव दिनाला, दुसरं काय दाखवणार? प्रोजेक्टर भाड्याने आणला, पन्नासेक खुर्च्या मांडल्या, बटाटेवडे मध्यंतराला गरम येतील अशी वेळ सांगून ठेवली. कुणीतरी फोनवर नाव टाकलं, सगळ्यात वर जे आलं ते दाबलं आणि पडद्यावर सिनेमा सुरू झाला. पाच-दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मागच्या रांगेतून आमचे अण्णा म्हणाले, "अगं, हा सिनेमा लावलाय तुम्ही. वडे तेवढे नाटकाचे आहेत."

त्या दिवसापासून नाटक लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक जुनं नाटक, प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे. वर्षभरात मी स्वतः केलेल्या आणि दुसऱ्यांच्या घरी जाऊन निस्तरलेल्या चुका इथे लिहिते.

नाव टाकलं, पहिलं आलं ते लावलं

'नटसम्राट' रंगभूमीवर आलं २३ डिसेंबर १९७० ला. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन आणि नाटकाचा नायक गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. सिनेमा आला २०१६ मध्ये. 'कट्यार काळजात घुसली'चंही तसंच, नाटक १९६७ चं आणि सिनेमा २०१५ चा. शोधताना नुसतं नाव टाकलं की सिनेमा वर येतो, त्याखाली सिनेमाची गाणी, त्याखाली कुणाच्या तरी स्नेहसंमेलनातलं स्वगत. म्हणून नावापुढे 'मराठी नाटक' लिहा आणि मुख्य नटाचं नाव जोडा. बेलवलकर लागूंनी केले, दत्तारामांनी केले, सतीश दुभाषींनी केले, यशवंत दत्त यांनी केले, अलीकडे मोहन जोशींनी केले. तुम्हाला कुणाचे बघायचेत ते आधी ठरवा. देवनागरीत शोधून सापडलं नाही तर तेच इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. जुने व्हिडिओ चढवणाऱ्यांनी नावं बरेचदा रोमन लिपीत, आणि आपापल्या स्पेलिंगने, लिहून ठेवलेली असतात.

मग लांबी बघा. ही सवय लागली की अर्धा मनस्ताप वाचतो. 'संपूर्ण नाटक' असं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली वेळ दिसते एक तास बारा मिनिटं. तीन अंकी नाटक सव्वा तासात संपत नाही. ही गोम व्हीसीडीच्या काळातली आहे. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून नाटक दोन किंवा तीन तबकड्यांवर यायचं. कुणीतरी हौसेने पहिली तबकडी चढवली, दुसरी सापडली नाही, किंवा सापडली आणि तिला ओरखडे होते. नाटक भर प्रवेशात, वाक्य अर्धवट असताना बंद पडतं, आणि आपण उगाच वायफायला शिव्या देतो.

यूट्यूबवर फार आधी चढवलेले व्हिडिओ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत आहेत, कारण २०१० पर्यंत यूट्यूबवर एका वेळी दहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ बहुतेकांना चढवता येत नसे. अशा वेळी ऑटोप्लेवर विसंबू नका. आमच्याकडे एकदा भाग ४ नंतर भाग ५ लागला तो दुसऱ्याच प्रयोगाचा. नायिका साडीसकट बदलली. एक आजी म्हणाल्या, "ही हिची बहीण का?" सगळे भाग आधी स्वतः उघडून बघा, क्रमाने एका प्लेलिस्टमध्ये टाका आणि ऑटोप्ले बंद करून ठेवा.

आणखी एक. नाट्यवाचन, आकाशवाणीवरचं नाटक आणि नुसत्या पदांचं संकलन या तिन्ही गोष्टी 'नाटक' म्हणूनच चढवलेल्या असतात. वाईट मुळीच नाहीत, पण पाहुण्यांना बोलावून मग कळण्यात मजा नाही.

चित्र सुधारत बसलात, आवाज राहून गेला

सगळ्यात मोठी चूक हीच. चित्र धूसर दिसलं की लोक क्वालिटी वाढवतात, टीव्हीचं शार्पनेस वाढवतात, नवा टीव्ही घ्यायच्या गोष्टी करतात. मराठी नाटक मुळात ऐकायचं असतं. अण्णा चाळीस वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेत प्रॉम्प्टिंग करायचे, म्हणजे नट अडला की आडून वाक्य सांगायचे. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत वही घेऊन उभे. अजूनही ते नाटकाला डोळे मिटून बसतात. पहिल्यांदा मला वाटलं झोप लागली. हळूच टीव्हीचा आवाज कमी केला तर डोळे न उघडता म्हणाले, "वाढव. तो आता वळून बोलणार आहे." खरंच पुढच्या वाक्याला नट पाठमोरा झाला आणि आवाज निम्म्यावर आला.

असं का होतं ते कळलं की उपाय सुचतो. जुन्या चित्रीकरणात प्रत्येक नटाच्या अंगावर माइक नसायचा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन-तीन माइक, वर टांगलेले एक-दोन. नट पुढे आला की आवाज भरून येतो, मागच्या दारापाशी गेला की विहिरीतून बोलल्यासारखा. तो दोष रेकॉर्डिंगमध्येच असतो, तुमच्या घरात नाही. पण आपला टीव्ही त्यात भर घालतो. हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. वर साउंड मोड 'मूव्ही' किंवा 'सराउंड' असेल तर शब्द आणखी विखुरतात. रिमोटवरून सेटिंग्ज, मग साउंड, आणि तिथे 'स्टँडर्ड' किंवा 'क्लिअर व्हॉइस' निवडा. कंपनीगणिक नाव बदलतं, पण 'व्हॉइस' किंवा 'स्पीच' असा शब्द असलेला पर्याय बहुधा सापडतो. साधा शंभर टक्के उपयोगी पडलेला उपाय म्हणजे वायरचा बाहेरचा स्पीकर, प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर ठेवलेला.

हेडफोन लावला आणि एकाच कानात आवाज आला, तर हेडफोन फेकू नका. जुन्या टेपवरून उतरवताना आवाज एकाच चॅनेलमध्ये गेलेला असतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' आहे, ते चालू केलं की दोन्ही कानांत सारखं ऐकू येतं. नाटक संपल्यावर बंद करा, नाहीतर गाणी ऐकताना नवीन तक्रार.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो? आधी दुसरा कुठलाही व्हिडिओ लावा. तिथेही तसंच होत असेल तर दोष बहुधा ब्लूटूथ स्पीकरचा. वायरचा स्पीकर जोडा, किंवा टीव्हीत 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' शोधा. दुसरा व्हिडिओ नीट असेल तर नाटकाची फाइलच तशी आहे. ऑनलाइन त्याला इलाज नाही. विकत घेतलेली डीव्हीडी असेल तर मात्र ती कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा आणि 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज मागेपुढे सरकवा. बोट ठेवून दाबत राहायचं नाही, एकेक टिचकी, आणि नटाच्या 'प', 'ब', 'म'कडे लक्ष. ओठ मिटणारी अक्षरं जुळली की सगळं जुळलं.

फोनवर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'स्टेबल व्हॉल्यूम' नावाचा प्रकार असतो. तो हळू आवाज वर आणतो आणि मोठा आवाज खाली दाबतो. रात्री घरचे झोपले असताना विनोदी नाटक बघायला उत्तम. पण ज्या स्वगतात नट कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत जातो, तिथे सगळं एका पातळीवर येतं आणि स्वगताचं बातमीपत्र होतं. संगीत नाटकाला तर तो बंदच ठेवा.

हा नट इतका जाड कधी झाला?

हा प्रश्न आमच्या आईचा. पडद्यावरचा नट तिच्या कॉलेजच्या दिवसांतला, तेव्हा काडीसारखा. आता आडवा पसरलेला. नटाचा दोष नव्हता. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं सगळं चित्रण चारास तीन या मापात व्हायचं, जवळपास चौकोनी. आजचा टीव्ही सोळास नऊ. चौकोनी चित्र ओढून रुंद टीव्हीभर बसवलं की माणसं बुटकी आणि जाड होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की लोकांना वाटतं टीव्ही वाया चाललाय, म्हणून ते 'फुल' किंवा 'झूम' करतात. पट्ट्या राहू द्या. त्या असायलाच हव्यात.

ओळखायचं कसं? सेटवरची गोल वस्तू शोधा. भिंतीवरचं घड्याळ, तबक, चाक, काहीही. ती अंड्यासारखी आडवी दिसली तर चित्र ताणलंय. रिमोटवर 'पिक्चर साइज' किंवा 'ॲस्पेक्ट' मध्ये 'ओरिजिनल' किंवा 'चारास तीन' करा. कधी कधी चढवणाऱ्यानेच ताणून चढवलेलं असतं. तेव्हाही 'चारास तीन'ने माणसं मूळ आकारात येतात, मात्र काही टीव्ही ॲपच्या आत ही सोय देत नाहीत. आणि 'झूम' तर कधीच नको. त्यात वर डोकं आणि खाली पाय कापले जातात. नाटकात कोण कुणाच्या पाया पडलं हे दिसायला नको का?

माणूस झपकन वळला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात, तो जुन्या टेपचा वारसा आहे. तेव्हाच्या टीव्हीत चित्र अर्ध्या-अर्ध्या रेघांनी उमटायचं, आणि कॉम्प्युटरवर उतरवताना ते दोन अर्धे नीट जोडले गेले नाहीत. क्वालिटी कितीही वाढवा, रेघा जाणार नाहीत. टीव्हीपासून दोन हात मागे सरका, किंवा टॅबवर बघा. छोट्या पडद्यावर टोचत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेने 'एचडी केलेलं' असं कुणी लिहिलं असेल तर मी शक्यतो टाळते. चेहरे मेणाचे होतात, आणि डोळ्यांखालची ती सुरकुती, जिच्यावर नटाने तीस वर्षं काढली, ती पुसली जाते.

'किती ओव्हरॲक्टिंग करतात'

असं आमच्या नातवंडमंडळींचं मत. नट शेवटच्या रांगेसाठी बोलत असतो, आणि कॅमेरा त्याच्या नाकाजवळ असतो. कालिदास कलामंदिरात बाल्कनीत बसून बघितलं तर त्याच हातवाऱ्यांत काही जास्त वाटत नाही. मेकअपचंही तेच. म्हणून क्लोजअपमध्ये नाटक जोखू नका, आणि लांबून घेतलेली दृश्यं आली की पुढे ढकलू नका. 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा. ती उघडते-मिटते ते पूर्ण रंगमंच दिसल्याशिवाय कळत नाही. 'तो मी नव्हेच'मध्ये फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांची वेषांतरं यांचा वेग एकत्र बघायचा असतो.

सव्वापट वेगाने नाटक बघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एकदा 'रायगडाला जेव्हा जाग येते' तसं लावून बघा. वसंत कानेटकरांनी ते नाशिकमध्ये राहून लिहिलं, इथल्या कॉलेजात शिकवत असताना. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यामधले न बोललेले क्षण सव्वापट वेगात नुसते गायब होतात. दोन माणसं घाईत भांडतायत असं वाटतं.

डेटा आणि डाउनलोड

रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तासांचं नाटक एचडीत लावू नका, तिसरा अंक अडकेल. मूळ चित्रणच ३६० च्या दर्जाचं असेल तर एचडी मिळतही नाही. ४८० वर ठेवा आणि वायफाय असताना ॲपच्या ऑफलाइन सोयीत उतरवून घ्या.

डाउनलोडच्या परक्या साइटवर मात्र जाऊ नका. व्हायरस येतो हे एक, आणि हक्कांचा प्रश्न दुसरा. "जुनं आहे, फुकटच असणार" असं सर्रास म्हटलं जातं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे 'एकच प्याला'ची संहिता आज कुणीही छापावी. कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये, त्यांच्या नाटकांना अजून बराच अवकाश आहे. आणि संहिता मोकळी झाली म्हणून कुणी केलेल्या प्रयोगाचं चित्रण मोकळं होत नाही, त्याचे हक्क वेगळे. म्हणून दूरदर्शनच्या किंवा निर्मात्याच्या स्वतःच्या चॅनेलवर आहे का ते आधी बघा. प्रेक्षागृहात फोन उंच धरून चोरून केलेलं चित्रण आम्ही हॉलमध्ये लावत नाही. त्यात पुढच्या माणसाचं डोकं दिसतं आणि शेजारच्याचा खोकला नटापेक्षा मोठा.

हक्कांच्या तक्रारीमुळे व्हिडिओ अचानक नाहीसे होतात, म्हणून मी एक वही ठेवली आहे. नाटक, नटसंच, चॅनेल, लांबी, आवाज कसा, मध्यंतर कितव्या मिनिटाला. शेवटचा रकाना अण्णांनी घालायला लावला. वडे त्याच हिशोबाने सांगायचे असतात. चित्रणात मध्यंतर कापलेलं असतं, आणि पडदा पडला की लगेच दुसरा अंक सुरू होतो. कुणीतरी पॉज दाबायला हवं. तो रिमोट आता अण्णांच्या हातात असतो.