विहिरीत सुरुंग लावून घेताना: खानदेशातील शेतकऱ्यासाठी मार्गदर्शन

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खानदेशात विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि गावोगाव यारी, म्हणजे विहिरीतील दगड-माती वर ओढणारी यंत्रे, उभ्या राहू लागतात. दोन परस (परस म्हणजे माणूसभर खोली) आणखी खोल गेले तर पाणी टिकेल, या हिशेबाने खोदकाम सुरू होते. मुरूम संपून कातळ लागला की कंप्रेसरवाल्याला बोलावले जाते, आणि तेथून पुढे सारे त्याच्या भरवशावर सोडले जाते. हा लेख विहिरीच्या मालकासाठी आहे. होल भरणे (खडकात पाडलेल्या भोकांत स्फोटके घालणे) आणि बार उडवणे (स्फोट करणे) हे परवानाधारक माणसाचेच काम असल्याने ते कसे करावे हे येथे सांगितलेले नाही. मात्र त्याच्या आधी आणि नंतर मालकाने करायची कामे बरीच आहेत, आणि बहुतेक अपघात व भांडणे ती कामे न केल्यामुळेच होतात.

आधी खडक पाहावा

सुरुंगाची गरज आहे का, हा पहिला प्रश्न आहे. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात तापीने आणून टाकलेल्या गाळाचा थर फार जाड आहे. तेथे फोडायला कातळच नसतो. काठ ढासळू न देणे हीच खरी अडचण असते आणि तिचे उत्तर रिंग किंवा बांधकाम हे आहे. पारोळा, धुळे, साक्री, शिंदखेडा या भागांत मात्र लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि एकाच विहिरीत तीन-चार प्रकारचे खडक लागू शकतात.

मुरूम कुदळीने किंवा पोकलेनने निघतो. त्याखाली मांजऱ्या लागला, म्हणजे बारीक पोकळ्यांचा आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेला खडक लागला, तर तो पोकलेनच्या ब्रेकरने बहुधा फुटतो. अशा खडकात सुरुंगाचा जोर बराचसा जागेवरच जिरतो, उलट काठ मात्र खिळखिळा होतो. दोन थरांमध्ये लाल मातीसारखा पट्टा दिसला तर तेथे सुरुंगाचा विचारही करू नये. तो पट्टा भिजला की फुगतो आणि वरचा खडक घेऊन खाली येतो, म्हणून तेवढा भाग बांधून काढावा. सुरुंगाची खरी गरज काळ्या पाषाणातच पडते. हा दगड घट्ट व जड असतो, पण त्यात उभ्या चिरा असतात आणि पाणी येते ते या चिरांमधूनच.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. शेतांमधून साधारण पूर्व-पश्चिम दिशेने सरळ धावणाऱ्या, भिंतीसारख्या दिसणाऱ्या काळ्या दगडांच्या टेकड्या येथे अनेक आहेत. जुन्या लाव्हाच्या थरांना भेदून वर आलेल्या रसाचे हे उभे पट्टे असून भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. असा पट्टा भूजलाच्या वाटेत आडवा आला तर वरच्या अंगाला पाणी अडते आणि खालच्या अंगाला विहीर कोरडी राहू शकते. त्यामुळे विहीर या पट्ट्याच्या कोणत्या बाजूला आहे हे न पाहता तळात आणखी बार उडवणे म्हणजे पैसे खड्ड्यात घालणे आहे. सुरुंगाने पाणी निर्माण होत नाही. चिरेत असलेल्या पाण्यापर्यंत वाट तेवढी मोकळी होते.

माणूस आणि कागद

भारतात स्फोटके बाळगणे, नेणे आणि वापरणे हे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांखाली येते, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. बार उडवणाऱ्याकडे शॉट फायररचा परवाना असावा लागतो. परवाना मागून पाहावा, त्यावरील फोटो, नाव व मुदत तपासावी, आणि तोच माणूस प्रत्यक्ष कामावर हजर राहणार आहे याची खात्री करून घ्यावी. परवाना एकाचा आणि होल भरणारा दुसराच, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि मालक संकोचापोटी विचारत नाही. मला विचाराल तर येथे संकोच करणे हाच सर्वांत महाग पडणारा शिष्टाचार आहे.

लोक आजही स्फोटकांच्या कांड्यांना जिलेटिन म्हणतात. नोबेलने १८७५ मध्ये तयार केलेल्या ब्लास्टिंग जिलेटिनवरून ते नाव रूढ झाले, परंतु आजचा माल स्लरी किंवा इमल्शन प्रकारचा असतो. केप, म्हणजे कांडीला पेटवणारा डिटोनेटर, याच्या बाबतीतही बदल झाला आहे. केंद्र सरकारने इलेक्ट्रिक डिटोनेटरवर १ एप्रिल २०२५ पासून बंदीची अधिसूचना काढली, त्यामुळे वायरची दोन टोके ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून बार उडवण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर काम तेथेच थांबवावे. स्फोटके कामाच्या दिवशी यावीत आणि उरलेली त्याच दिवशी परत जावीत. गोठ्यात, पंपाच्या खोलीत किंवा झाडाखाली एक रात्रही ती ठेवू देऊ नयेत. किती कांड्या व केप आल्या, किती वापरल्या आणि किती परत गेल्या हे मालकाने स्वतःच्या वहीत लिहून सही घ्यावी.

कामाचा दिवस व वेळ ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावी, आणि शेजारच्या शेतकऱ्यांना घरी जाऊन सांगावे. निरोपावर भागवू नये.

आधीची नोंद

माझ्या पाहण्यातील बहुतेक तंटे दगड उडाल्यामुळे झालेले नाहीत, तडा जुना की नवा यावरून झालेले आहेत. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी जवळची घरे, पाण्याच्या टाक्या, शेडच्या भिंती आणि शेजारच्या विहिरींचे बांधकाम यांचे फोटो तारखेसह काढावेत. जुन्या तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि मोठ्या तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवावी. तडा जरासा जरी हलला तरी काच फुटते. शेजाऱ्याच्या विहिरीतील पाण्याची पातळी काठापासून मोजावी आणि त्याचा पंप किती वेळ चालतो हेही लिहून ठेवावे. ही सारी नोंद शेजाऱ्यासमोर करून त्याची सही घ्यावी.

हादरा किती बसेल हे दोन गोष्टींवर ठरते: अंतर, आणि एकाच क्षणी उडणाऱ्या स्फोटकाचे वजन. दिवसभरात एकूण किती माल उडाला याला त्या मानाने महत्त्व कमी आहे. म्हणूनच होल एकदम न उडवता काही हजारांश सेकंदांच्या अंतराने उडवले जातात. मधली होल आधी उडून जागा मोकळी करतात आणि बाहेरची होल त्या मोकळ्या जागेकडे दगड ढकलतात. असा क्रम ठेवला तर काठाला धक्का कमी बसतो. ‘सगळे एका दमात उडवून टाकू’ असे कोणी म्हणाला तर त्याला नकार द्यावा.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये कंपनाच्या, म्हणजे जमीन हलण्याच्या वेगाच्या, मर्यादा घालून दिल्या. खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी ही मर्यादा कंपनाची वारंवारता (एका सेकंदात होणारी कंपने) ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झच्या दरम्यान १० मिलिमीटर आणि त्याहून जास्त असल्यास १५ मिलिमीटर अशी आहे. ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी ती अनुक्रमे २, ५ आणि १० मिलिमीटर आहे. हे आकडे खाणींसाठी आहेत, पण घर अगदी जवळ असेल तर यंत्राने मोजणी करून घेताना तेच मोजमाप धरावे. माणसाला याहून पुष्कळ कमी कंप जाणवतो आणि भांडी वाजली की भिंत गेली असे वाटते. शेजाऱ्याला हे आधीच समजावून सांगितलेले बरे. घर, कालवा किंवा गॅसची वाहिनी खेटूनच असेल तर सुरुंगाचा हट्ट सोडावा. ब्रेकरने फोडावे, किंवा होलमध्ये फुगणारी चुन्याची भुकटी भरून दगड तडकवावा. त्यात वेळ अधिक जातो, पण आवाजही होत नाही आणि दगडही उडत नाही.

त्या दिवशी

वेळ अशी ठरवावी की बार उडाल्यानंतरही तीन-चार तास उजेड राहील, कारण एखादा बार उडाला नाही तर त्याचा शोध अंधारात घेता येत नाही. वैशाखात दुपारनंतर ढग भरून येतात. दूरवर वीज चमकली तरी होल भरण्याचे काम थांबवून सर्वांनी लांब जावे, कारण विजेमुळे केप आपोआप उडू शकते. कांड्या उन्हात पडू देऊ नयेत. त्यांच्याजवळ विडी-सिगारेट आणि मोबाइल दोन्ही नकोत.

दगड उडतो तो बहुधा होलच्या तोंडातून. होलचा वरचा भाग ओलसर माती-वाळूने नीट ठासलेला नसेल, तोंडाभोवती सुटे दगड पडलेले असतील किंवा शेजारी चीर असेल, तर वायू त्या वाटेने सुटतो आणि दगड घेऊन जातो. विहीर उथळ असताना हा धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेव्हाच लोक काठावर उभे राहून पाहतात. तळ झाडून घ्यावा, आणि तोंडावर जुन्या टायरांच्या साखळलेल्या जाळ्या व वाळूची पोती टाकायला सांगावे. साक्री तालुक्यातील एका विहिरीवर झाकण न टाकता बार उडवलेला मी पाहिला आहे. मुठीएवढा दगड दोन शेते ओलांडून केळीच्या पानांतून आरपार गेला होता. उघड्या खाणींत ५०० मीटरपर्यंतचे क्षेत्र धोक्याचे धरतात. विहिरीसाठीही तेच धरावे, आणि प्रत्येक पायवाटेवर लाल निशाण घेतलेला माणूस उभा करावा. गुरे सोडून न्यावीत. बार उडवण्यापूर्वी मजुरांची डोकी मोजावीत, नावे घेऊन मोजावीत.

बार उडाल्यावर

घाई येथेच जीव घेते. प्रथम विहिरीत उतरायचे ते फक्त परवानाधारकाने. होल काही हजारांश सेकंदांच्या अंतराने उडत असल्याने आवाज मोजून हिशेब लागत नाही; एखादे होल उडाले नसल्याची शंका आली तर किमान अर्धा तास कोणीही जवळ जाऊ नये. न उडालेला बार उकरायचा नाही, वायर ओढायची नाही, आणि जुन्या होलच्या उरलेल्या बुडात पुन्हा होल मारायचे नाही. त्याचे काय करायचे ते परवानाधारकच ठरवील. पुढे दगड उपसताना मलब्यात कांडी किंवा केप सापडली तर हात न लावता काम थांबवावे आणि त्याला बोलवावे. मुलांना तर त्या मलब्यावर फिरकू देऊ नये.

दुसरा धोका दिसत नाही. स्फोटानंतर तयार होणारे पिवळसर-तांबूस वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढेच सांगते. कंदील जळत असला तरी विषारी वायू असू शकतो. कंप्रेसरची नळी तळापर्यंत सोडून हवा बराच वेळ खेळवावी, आणि कंप्रेसरचा धूर विहिरीच्या तोंडाकडे येणार नाही असा तो उभा करावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि वर दोघे हजर असावेत. खालचा माणूस कोसळला तर त्याला दोरानेच ओढावे. मागोमाग उतरणारा दुसराही तेथेच पडतो.

त्यानंतर काठावरचे लोंबते दगड वरून खाली येत पहारीने पाडून घ्यावेत, आणि मगच यारी चालवावी. यारीचा वायररोप रोज सकाळी हातमोजे घालून पाहावा. तारा तुटलेल्या दिसल्या की रोप बदलावा.

चिरेतून पाणी येऊ लागले की सुरुंग बंद करावेत. त्यापुढील जोराच्या बाराने ती चीर बारीक चुऱ्याने बुजू शकते. आणखी पाणी हवे असेल तर त्या पातळीवर आडवे बोअर मारून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी पुन्हा मोजावी, काचेच्या पट्ट्या त्याच्यासोबत पाहाव्यात आणि जुन्या नोंदीखाली नव्या आकड्यांसह त्याची सही घ्यावी.