क्षार मराठीतला की हिंदीतला? सामान्य ज्ञानाच्या संज्ञांमधल्या या चुका टाळा

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी चार-पाच मुलं सामान्य ज्ञानाचा पेपर सोडवायला बसतात. क्लास वगैरे काही नाही, क्लासेस सगळे तिकडे भंवरकुआला. मी स्वतः राज्यसेवेची परीक्षा तीनदा दिली आणि दोनदा प्रीलिममध्येच अडकले, तेव्हा चुकांच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. मागच्या महिन्यात सरावाच्या पेपरात एक प्रश्न होता: ‘निम्नलिखित में से क्षार कौन-सा है?’ पर्याय नमक, सिरका, कास्टिक सोडा, चीनी. आमच्या शेजारची सून जळगावची, शाळा सगळी मराठी माध्यमातली, विज्ञान पक्कं. तिनं क्षणभरही न थांबता ‘नमक’वर खूण केली. उत्तर होतं कास्टिक सोडा.

“पण काकू, मीठ क्षारच असतं ना?”

असतं की, मराठी पुस्तकात. आपल्याकडे आम्ल, आम्लारी आणि क्षार असं त्रिकूट आहे. हिंदीत तेच अम्ल, क्षारक आणि लवण. म्हणजे आपला क्षार हा त्यांचा लवण. आणि त्यांचा क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, ज्याला मराठी पुस्तकं अल्क म्हणतात. तिला येत होतं, म्हणूनच चुकलं. ज्याला काहीच येत नाही तो निदान थांबतो, इंग्रजी प्रश्न वाचतो, नाहीतर प्रश्न सोडून देतो.

इंदूरच्या मराठी घरांत हा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. घरी मराठी, शाळा हिंदी आणि पुस्तकं पुण्याच्या मामानं पाठवलेली, अशी इथली तऱ्हा. एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचा, पेपर हिंदी आणि इंग्रजीत येतो. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, पण पूर्व परीक्षेचा पेपर हिंदी-इंग्रजीतच असतो, हे मराठी माध्यमाच्या मुलांना फार उशिरा टोचतं. उलट एसएससीनं (दहावीचं बोर्ड नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) 2023 पासून मल्टिटास्किंग स्टाफ आणि बारावी पास उमेदवारांच्या सीएचएसएल परीक्षेला मराठीचा पर्याय दिला, तेव्हा आमच्याकडच्या एका मुलानं ‘मातृभाषा आहे’ म्हणून मोठ्या अभिमानानं मराठी निवडली. बारावीपर्यंत सगळं हिंदीत शिकलेला तो मुलगा ‘तपांबर’ शब्दाशी दहा मिनिटं भांडत बसला. तप म्हणजे ताप, म्हणून त्यानं ते हिंदीतल्या ‘तापमंडल’ला जोडलं. तपांबर म्हणजे जमिनीला लागून असलेला सगळ्यात खालचा थर, हिंदीतलं क्षोभमंडल. तापमंडल कुठे, तर पार वर. एका अक्षरसाधर्म्यानं पोरगा कित्येक किलोमीटर चुकला. अर्जात भाषा निवडताना घरात काय बोलता ते विसरा. ज्या भाषेत धडे वाचलेत ती निवडा.

ओळखीचा शब्द दिसला की थांबा

अनोळखी शब्द फसवत नाहीत. फसवतात ते दोन्ही भाषांत असलेले आणि अर्थ बदललेले. उष्णतेच्या धड्यात तर सापळाच आहे. मराठीत वहन, अभिसरण, प्रारण. हिंदीत चालन, संवहन, विकिरण. मराठी मुलाला ‘संवहन’ दिसलं की त्यातलं ‘वहन’ दिसतं, आणि तो धातूच्या सळईचं उदाहरण निवडतो. पण संवहन म्हणजे आपलं अभिसरण, पातेल्यातलं पाणी तापून वर येतं आणि थंड पाणी खाली जातं ते. सळई चालनात.

विकिरण त्याहून वाईट. आकाश निळं का दिसतं? मराठी पुस्तक सांगतं, प्रकाशाच्या विकिरणामुळे. हिंदी पेपरात हेच उत्तर लिहिलंत तर चूक, कारण तिथे विकिरण म्हणजे प्रारण, सूर्याची उष्णता पोकळीतून आपल्यापर्यंत येते ती रीत. निळ्या आकाशाला हिंदीत प्रकीर्णन म्हणतात. मी स्वतः या एका शब्दावर गुण घालवलाय, आणि घरी येऊन पुस्तक उघडून ‘पेपरच चुकीचा आहे’ म्हणून आईशी वादही घातलाय.

राज्यशास्त्रात हे शब्द गमतीशीर होतात. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. ‘बयालीसवाँ संशोधन’ म्हणजे 1976 ची 42 वी घटनादुरुस्ती, जिनं उद्देशिकेत समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आले. (हिंदी उद्देशिकेत मात्र ‘पंथनिरपेक्ष’ आहे, तेही लक्षात ठेवा.) उलट हिंदी शाळेतल्या मुलाला ‘घटनादुरुस्ती’ म्हणजे अपघातानंतरची गाडीदुरुस्ती वाटते. हसू नका, आमच्या घरात हे झालंय. ‘विधायक’ मराठीत काहीतरी चांगलं, रचनात्मक काम. हिंदीत तो आमदार. पार्षद म्हणजे नगरसेवक, जनपद पंचायत म्हणजे महाराष्ट्रातली पंचायत समिती, जिला पंचायत म्हणजे जिल्हा परिषद.

सगळ्यात जास्त गुण खाणारी जोडी ‘प्रजातंत्र’ आणि ‘प्रजासत्ताक’. हिंदीत प्रजातंत्र म्हणजे लोकशाही. मराठीत प्रजासत्ताक म्हणजे ज्या देशाचा प्रमुख वंशपरंपरेनं येत नाही, निवडला जातो असा देश, हिंदीतलं गणतंत्र. ब्रिटन लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही, कारण तिथे राजा आहे. आपण दोन्ही आहोत. हे ब्रिटनचं उदाहरण एकदा डोक्यात बसलं की शब्द कुठल्याही भाषेत येऊ दे, गोंधळ होत नाही. प्रत्येक संज्ञेला असं एक उदाहरण बांधून ठेवा. नुसता समानार्थी शब्द बांधलात तर दोन्ही मिळून बुडतील.

अर्थ पाठ आहे, पण कोण, कधी, किती?

दुसरी चूक भाषेची नाही. मुलं संज्ञेचा अर्थ एका शब्दात पाठ करतात आणि प्रश्न त्या शब्दाच्या पुढचं विचारतो. लोकसभेच्या कामकाजाचं घ्या. वर्तमानपत्रात ‘अधिवेशनाचं सूप वाजलं’ असा मथळा येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, संपलं. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात. तहकुबी, हिंदीत स्थगन, ही अध्यक्ष करतात, दुपारच्या जेवणापुरतीही आणि अनिश्चित काळासाठीही. बहुतेक वेळा सूप वाजतं ते याच दुसऱ्या प्रकारचं. त्यानंतर सत्रसमाप्ती, हिंदीत सत्रावसान, ती राष्ट्रपती करतात. आणि तिसरं विसर्जन, हिंदीत विघटन, तेही राष्ट्रपतींकडून, आणि फक्त लोकसभेचं. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. ‘विघटन’ वाचून मराठी मुलाला कचऱ्याचा डबा आठवतो आणि ‘विसर्जन’ वाचून हिंदी शाळेतल्या मुलाला अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ. दोन्ही आठवणी सोडा आणि हे विचारा: विधेयकाचं काय झालं? सत्रसमाप्तीनं विधेयक मरत नाही. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात पडून असलेलं विधेयक मरतं, तिनं मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेलंही बहुधा जातं. पण राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेत अजून न पोचलेलं विधेयक टिकतं. परीक्षेत प्रश्न इथे येतो.

वटहुकुमाचंही तेच. हिंदीत अध्यादेश. आपल्याकडे मात्र शासनानं साधा जीआर काढला तरी लोक ‘अध्यादेश निघाला’ म्हणतात, त्यामुळे शब्दाची धारच बोथट झाली. जीआर हा प्रशासनाचा निर्णय. वटहुकूम कायद्याइतका जोरकस असतो. राष्ट्रपतींना तो अधिकार अनुच्छेद 123 देतो, राज्यपालांना 213. संसदेची दोन्ही सभागृहं भरलेली असताना तो काढता येत नाही, आणि सभागृहं पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. दोन सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर मोजणी नंतरच्या तारखेपासून. मध्य प्रदेशात विधान परिषद नाही, म्हणून इथे राज्यपालांचा प्रश्न फक्त विधानसभेशी. महाराष्ट्रातून आलेली मुलं हे विसरतात, त्यांच्या डोक्यात दोन सभागृहं पक्की बसलेली असतात.

‘कलम’ या शब्दावरून एक सांगते. मराठीत आपण 370 लाही कलम म्हणतो आणि 302 लाही, म्हणून एक राज्यघटनेतलं आणि दुसरं दंड संहितेतलं हे मुलांना जाणवतच नाही. हिंदीत पहिलं अनुच्छेद, दुसरं धारा. टीव्हीवाले हिंदीतही ‘धारा 370’ म्हणतात ते सोडा, पेपरात अनुच्छेदच येतं.

जोडीतला दुसरा कुठेय?

अर्थशास्त्रात एकटी संज्ञा वाचू नका, जोडीदारासकट वाचा. चलनवाढीचा दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला, तर किमती उतरल्या का? वर्गातली निम्मी मुलं ‘हो’ म्हणतात. 100 रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी 106 ची झाली, दुसऱ्या वर्षी 110 रुपये 24 पैशांची. वाढली की! वाढीचा वेग तेवढा मंदावला. किमती खरोखर उतरल्या तर ती चलनघट, हिंदीतली अपस्फीति.

अवमूल्यनाचं तसंच. रुपया डॉलरपुढे घसरला की बातमीत ‘अवमूल्यन’ ठोकून देतात. अवमूल्यन सरकार ठरवून करतं, जसं 1966 मध्ये आणि 1991 मध्ये केलं. बाजारात रोज होते ती घसरण. आणि तूट म्हणजे हिंदीतला घाटा, पण दुकानातला घाटा नव्हे. महसुली तूट, राजकोषीय तूट, प्राथमिक तूट अशा तिघी एका ओळीत लिहा: राजकोषीय तूट म्हणजे सरकारला खर्च भागवायला घ्यावं लागणारं कर्ज, आणि तिच्यातून व्याजाचा खर्च वजा केला की प्राथमिक तूट उरते. एवढं पुरे.

भूगोलात जोड्या सोप्या आहेत: देशांतर म्हणजे रेखांश, भूमध्य रेखा म्हणजे विषुववृत्त, कर्क रेखा म्हणजे कर्कवृत्त. यातलं कर्कवृत्त पाठ करण्यापेक्षा घरून बघा. उज्जैन त्याच्या जवळ आहे आणि इंदूर थोडं दक्षिणेला, म्हणून इंदूरला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे ग्वाल्हेरला, एकदाही येत नाही. नद्यांचंही तसंच: आपली कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. प्रत्येक पायरीवर लहान ती उपनदी, हिंदीत सहायक नदी. चंबळ निघते महूजवळच्या जानापावला. डोंगराच्या एका बाजूचं पाणी गंगेच्या खोऱ्यात आणि दुसऱ्या बाजूचं नर्मदेकडे, हा झाला जलविभाजक. पुस्तकाची व्याख्या वाचण्याआधी एकदा तिथे जाऊन या, पावसाळ्यात छान असतं.

जुनं पुस्तक

भावाची नोट्सची वही वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी तरी तपासा. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, तेव्हा खुनाचं 302 आता 103 झालं आणि चारसोबीस 318 मध्ये गेलं. योजना आयोग गेला आणि 1 जानेवारी 2015 ला नीती आयोग आला. इथेही ‘नीती’ म्हणजे धोरण असं समजू नका, ती इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. आणि मध्य प्रदेशात 52 जिल्हे असं लिहिलं असेल तर खोडा. 2023 मध्ये मऊगंज, पांढुर्णा आणि मैहर वाढले आणि आकडा 55 झाला.

लाल पेनाचं काम

चुकलेल्या उत्तरापुढे बरोबर उत्तर लिहून मुलं मोकळी होतात. त्यानं काही होत नाही. आमच्याकडे चुकीपुढे एक अक्षर लिहायचं. ‘भा’ म्हणजे शब्द दुसऱ्या भाषेतला समजला, ‘अ’ म्हणजे अर्थ माहीत होता पण कोण-कधी-किती नव्हतं, ‘जो’ म्हणजे जोडीतला दुसरा उचलला, ‘जु’ म्हणजे जुनी माहिती. चार पेपरांनंतर अक्षरं मोजा. ‘भा’ जास्त असतील तर आणखी पुस्तकं घेऊ नका, एक वही घ्या आणि हिंदी, मराठी, इंग्रजी असे तीन रकाने पाडा. ‘अ’ जास्त असतील तर वहीनं काही साधणार नाही, मूळ धडा परत वाचावा लागेल. शेजारच्या सुनेच्या सतरा चुकांपैकी अकरा ‘भा’ निघाली आणि ती एकदम हलकी झाली. तिला वाटत होतं, आपल्याला विज्ञानच येत नाही.

परीक्षेत वही नसते, पण इंग्रजी प्रश्न शेजारीच छापलेला असतो. क्षारच्या त्या प्रश्नात तिकडे ‘अल्कली’ होतं, तिनं बघितलंच नाही. हिंदी शब्द फार ओळखीचा वाटला की डोळा इंग्रजीवर टाका, आणि फार अनोळखी वाटला तरीही. रिझर्व्ह बँकेच्या हिंदीत लिक्विडिटीला, म्हणजे हाताशी असलेल्या खेळत्या पैशाला, ‘चलनिधि’ म्हणतात. तो शब्द मी कुणाच्याही तोंडून आजवर ऐकलेला नाही, हिंदी प्राध्यापकांच्याही नाही.