१२,३४,५६,७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

१ ते ९ अंक ओळीने लिहिले की झाली ही संख्या. दिसते साधी, पण तिचे गुणधर्म लिहायला बसलं की बहुतेक जण एकाच जागी घसरतात.

सुरुवात सरळ आहे. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. (हे अंक कसेही फिरवा, बेरीज तीच. त्यामुळे नऊही अंक एकेकदा वापरून मूळ संख्या बनवण्याच्या खटपटीत पडू नका.) भागाकार येतो १,३७,१७,४२१. त्याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चं काम संपलं. मग ७, ११, १३ करत शंभरापर्यंत जावं तर कशानेच भाग जात नाही. माणूस कंटाळतो आणि ‘उरलेली संख्या मूळ’ असं लिहून मोकळा होतो.

इथेच फसगत होते. या उरलेल्या संख्येचं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्याशिवाय असा शिक्का मारता येत नाही. आणि पहिला अवयव लपलाय ३६०७ वर, अगदी टोकाला! पाचशेहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहिल्यावर तो हाती लागतो.

एवढे भागाकार करत बसू नका. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरा: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडायची, कारण a² − b² = (a − b)(a + b). वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक ३७०४. त्याच्या वर्गातून ही उरलेली संख्या वजा केली की २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. पुढे ३७०५ घ्या: बाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. शंभरापर्यंतची तपासणीही वाया गेली नाही, कारण तिच्यामुळेच हे दोन्ही मूळ ठरतात (दोघांचीही वर्गमूळं शंभराच्या आत आहेत). मात्र ही रीत इतकी झटपट चालते ती अवयव एकमेकांजवळ असले तरच. उलट क्रमाच्या ९८,७६,५४,३२१ ला साधा भागाकारच बरा. तिथे १७ लवकर सापडतो, तोही दोनदा.

आता ३² × ३६०७ × ३८०३ वरून विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवा: ३ × २ × २ = १२. तो १ विसरलात तर उत्तर २ येईल आणि संख्या मूळ ठरेल!

शेवटी ९ दिसला म्हणून पूर्ण वर्ग समजू नका. विषम वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते. इथे शेवटचे तीन अंक ७८९, बाकी ५. गणितज्ञ कापरेकरांच्या हर्षद संख्यांतही (ज्यांना त्यांच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो) ही बसत नाही, कारण ४५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा. संख्या मोठी म्हणून विपुल (स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज संख्येहून जास्त) असंही नाही: इथे ती बेरीज ५,४९,६६,०२७, संख्येहून कमी, म्हणजे ही न्यून.

आणि वर्ग काढायला एक्सेल उघडू नका. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१. एक्सेल पंधरा अंकच धरतं आणि शेवटचे २१ गिळून तिथे शून्यं ठेवतं.