चिऊ दार का उघडत नाही?

सातारा जिल्ह्यातील अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगताना पुस्तकाऐवजी गावातील आजीच्या तोंडची चिऊ-काऊची गोष्ट घ्यावी, कारण तिचे शब्द मुलांच्या घरातलेच असतात. पाटणच्या पावसात वाढलेल्या मुलाला वाहून जाणारे घर चटकन समजते. कमी पावसाच्या माण-खटावकडे मात्र शेणमातीचे एक आणि मेणबत्तीच्या तुकड्यांचे एक अशी दोन घरे परातीत करून त्यांवर मुलांच्याच हातून तांब्याभर पाणी ओतवावे.

काऊ दाराशी भिजत असताना चिऊ ‘थांब, बाळाला न्हाऊ घालते’ म्हणते, तिथे गोष्ट थांबवावी आणि ‘चिऊच्या जागी तू काय केले असतेस?’ एवढेच विचारावे. कोणी दार उघडेल, कोणी उघडणार नाही. दोघांचेही ऐकून घ्यावे, कारण मायेपोटी दार उघडणे किंवा सावधपणे ते बंद ठेवणे, यामागचे कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणे महत्त्वाचे असते. ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न मात्र टाळावा (मोठ्यांनाही तो कंटाळवाणाच वाटतो).

हीच गोष्ट आठवडाभर रोज सांगावी. शनिवारी चिऊ-काऊ मुलांनी व्हावे आणि दार अंगणवाडीच्या ताईंनी.