बर्लिनला येऊन घरून काम करणार असाल, तर आधी लेटरबॉक्सवर नाव लावा

बर्लिनमध्ये येणाऱ्या मराठी माणसांत अलीकडे एक गट वरचेवर भेटतो. नवऱ्याला किंवा बायकोला इथे नोकरी लागते, ब्ल्यू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना मिळतो, आणि दुसरं माणूस पुण्या-मुंबईची नोकरी न सोडता लॅपटॉप घेऊन सोबत येतं. काही जण फ्रीलान्सर म्हणून स्वतःच्या हिमतीवर येतात. मीही गेली बरीच वर्षं इथे घरूनच काम करते. ऑफिसला जाणाऱ्याची निम्मी कागदपत्रं कंपनीचा एचआर विभाग करून देतो आणि उरलेलं शेजारच्या टेबलावरचा सहकारी सांगतो. घरी बसून काम करणाऱ्याला सांगायला कुणी नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात परवानगीपासून करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. जर्मनीत ‘डिजिटल नोमॅड’ असा वेगळा व्हिसा नाही. शेंगेनचा पर्यटक व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस फिरण्यासाठी असतो. ‘कंपनी भारतातली, पगार भारतात, मग काय बिघडलं’ असं म्हणून त्या व्हिसावर इथे बसून रोजचं काम करू नका. सरळ मार्ग तीनच. इथल्या कंपनीची नोकरी आणि तिच्याकडून घरून काम करण्याची मुभा. परदेशी नागरिकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम २१ खाली फ्रीलान्सरचा परवाना. किंवा जोडीदाराचा व्हिसा. ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराला नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्हींची मोकळीक असते. तरी निवास परवाना हातात आला की ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’, म्हणजे ‘कमाईचं काम करायला परवानगी’, हे शब्द त्यावर आहेत ना, ते बघून घ्या.

आता जोडीदार म्हणून येणाऱ्यांचा खरा प्रश्न. परवान्याने काम करायची मुभा दिली, पण पुण्यातली कंपनी तुम्हाला इथून काम करू देईल का? टीम लीड चटकन ‘हो, काय हरकत आहे’ म्हणतो. त्याच्या ‘हो’वर विमानात बसू नका. तुम्ही बर्लिनमध्ये घर करून राहिलात की जर्मनीच्या दृष्टीने तुम्ही इथले करदाते झालात आणि इथे बसून केलेल्या कामाच्या पगारावर कर इथे लागतो. भारत आणि जर्मनीत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्याने एकाच पैशावर दोनदा कर जात नाही, पण इथला कर चुकतही नाही. शिवाय इथे राहून नोकरी करणाऱ्यासाठी पेन्शन आणि आरोग्य विम्याचे हप्ते भरायची जबाबदारी मालकावर येते. भारतातल्या कंपनीला एका माणसासाठी हे सगळं करायचं नसतं, म्हणून ती बहुधा दोनपैकी एक पर्याय पुढे करते.

पहिला म्हणजे मध्यस्थ कंपनीमार्फत पगार. ती कंपनी जर्मनीत तुम्हाला रीतसर कामावर ठेवते आणि तिचं शुल्क तुमच्या मूळ कंपनीला लावते. तुमच्यासाठी हा सगळ्यात निर्धोक. दुसरा म्हणजे राजीनामा द्या आणि फ्रीलान्सर म्हणून आम्हाला बिल पाठवा. यात कंपनी मोकळी होते आणि ओझं सगळं तुमच्यावर येतं. एकच ग्राहक, त्याच्याच वेळा, त्याचाच ईमेल, त्याचाच साहेब, अशी स्थिती असेल तर जर्मन यंत्रणा त्याला खोटा स्वतंत्र व्यवसाय मानू शकते; त्यासाठी ‘शाइनझेल्बस्टेंडिगकाइट’ असा खास शब्दच आहे. या वाटेने जायचं असेल तर दुसरा-तिसरा ग्राहक लवकर शोधा आणि एकदा तरी इथल्या कर सल्लागाराला पैसे देऊन भेटा. ते पैसे वाया जात नाहीत.

पगार भारतातल्या खात्यात येतोय म्हणून तो इथे दिसत नाही, या भ्रमात राहू नका. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं असतं, त्याची बँकेत चौकशी निघण्याआधीच करून ठेवा.

विम्याचं एक बारीक कलम बऱ्याच जणांना माहीत नसतं. नवरा किंवा बायको सरकारी आरोग्य विम्यात असेल तर दुसऱ्याला फुकट कुटुंब विमा मिळतो, हे खरं. पण त्याला दुसऱ्याच्या कमाईची मर्यादा आहे, महिना साधारण साडेपाचशे युरोंच्या आसपास. भारतातला पगारही त्यात धरला जातो. म्हणजे तुम्ही कमावत असाल तर फुकट विमा तुम्हाला नाही. आणि फ्रीलान्सर म्हणून एकटे येणार असाल तर प्रवासी विम्यासारख्या स्वस्त पॉलिसीवर भरवसा ठेवू नका, परवान्याच्या नूतनीकरणाला ती अडते.

आता पत्त्याचं. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ब्युर्गरआम्ट म्हणजे नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी, ‘आनमेल्डुंग’, करायची असते. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. तिथली भेटीची वेळ मिळत नसेल तर सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून पुन्हा पुन्हा बघा, रद्द झालेल्या वेळा मोकळ्या होत असतात. नोंदणी झाली की अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन येतो, वेगवेगळ्या पाकिटांतून. विमा कार्ड येतं. फ्रीलान्सर असाल तर कर खात्याच्या ‘एल्स्टर’ या ऑनलाइन दालनाचा सुरू करायचा कोडदेखील कागदावर छापून टपालानेच येतो.

आणि ही सगळी पत्रं आडनावावर येतात. आमच्या इमारतीच्या दारात पत्र्याच्या लेटरबॉक्सच्या रांगा आहेत, प्रत्येकावर बोटभर लांबीची नावाची पट्टी. बर्लिनमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पाकिटावरचं आडनाव आणि पट्टीवरचं आडनाव जुळवतो, नाही जुळलं तर पत्र परत. वरच्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहायला आलं. घर नवऱ्याच्या नावावर, म्हणून पट्टीवर त्याचंच आडनाव. तिने लग्नानंतर आडनाव बदललेलं नव्हतं. त्याची पत्रं येत होती, तिचा कर क्रमांक येईना. तो पुन्हा मागवता येतो, पण पुन्हा पोस्टानेच येतो, आणि तोवर तिला पगारातून वाढीव कर कापून घ्यावा लागला. तेव्हा पासपोर्टवर जे आडनाव आहे ते, दोघांची वेगळी असतील तर दोन्ही, पेटीवर आणि खालच्या बेलवर पहिल्याच दिवशी लावा. घरमालकाची पट्टी यायला वेळ असेल तर तोवर कागद चिकटवला तरी चालतं. पासपोर्टमध्ये आपल्याकडे नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. इथे ते तुमचंच दुसरं नाव समजून सगळीकडे छापलं जातं. त्याने बिघडत काही नाही, फक्त प्रत्येक फॉर्मवर तसंच्या तसं लिहा.

पहिल्या पत्रांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र हमखास असतं. घरात टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो द्यावे लागतात. घरातलं एक जण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून तुमचं पत्र बंद करता येतं. उत्तर न देता फेकून मात्र देऊ नका.

घर शोधताना घरून काम करणाऱ्याने निराळे निकष लावावेत. बर्लिनच्या जुन्या इमारतींत रस्त्याकडची घरं पुढे आणि अंगणाकडची मागे असतात. मागचं तळमजल्याचं घर भाड्याला परवडतं, शांतही असतं. पण डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवून चारच्या आत मावळतो आणि त्या घरात दिवसभर दिवा लावून बसावं लागतं. ऑफिसला जाणाऱ्याला ते चालून जाईल. तुम्ही मात्र चोवीस तास तिथेच असणार. बाल्कनीपेक्षा वरचा मजला आणि उजेडाची खिडकी बघा; थोडं लांब, रिंगबाहन या लोकल रेल्वेच्या गोल मार्गाच्या बाहेर मिळालं तरी घ्या. घर बघायला जाल तेव्हा कामाचं टेबल कुठे बसेल ते उभं राहून बघा आणि इंटरनेट चालू आहे का ते विचारा. नवी जोडणी मिळायला आठवडे लागू शकतात, तोवर भरपूर डेटा असलेलं मोबाइलचं सिम लागेल. घर स्वयंपाकघराशिवायही मिळतं, म्हणजे ओटा, सिंक काहीच नाही. जाहिरात नीट वाचा.

अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने देतो’ म्हणणारा फसवतोय हे धरून चाला. आणि पत्त्याची नोंदणी करू न देणारं घर कितीही छान असलं तरी घेऊ नका.

आता घड्याळ. उन्हाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात, भारतातली नाहीत. पुण्यातली साडेदहाची मीटिंग उन्हाळ्यात इथे सातला असते, नोव्हेंबरपासून सहाला. तेव्हा बाहेर काळोख असतो आणि इमारत झोपलेली असते. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ इथे लोक मनापासून पाळतात, म्हणून लवकरच्या कॉलला हेडफोन लावा आणि अंगणाकडची खिडकी बंद ठेवा; अंगणात आवाज घुमतो.

पण या वेळेचा मोठा फायदाही आहे आणि तो घेतलाच पाहिजे. भारतातलं ऑफिस साडेसहाला सुटतं तेव्हा हिवाळ्यात इथे दुपारचे दोन वाजलेले असतात. अंधार पडायला अजून जवळजवळ दोन तास असतात. लॅपटॉप बंद करून लगेच बाहेर पडा, भांडी-धुणं संध्याकाळी करा. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ २०१० पासून लोकांसाठी खुला आहे; धावपट्टीवरून चालताना जेवढं आकाश मिळतं तेवढं या शहरात क्वचित कुठे मिळतं. घरून काम करणाऱ्या आपल्या लोकांना पहिल्या हिवाळ्यात उदास वाटायला लागतं, आणि आठवडाभर उंबरठा ओलांडलेला नाही हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. ते फार हळूहळू होतं, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगते. उदासी रेंगाळली तर फॅमिली डॉक्टरकडे जा. दवाखाना बंद असताना तातडीचं दुखणं निघालं तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२.

स्वयंपाकाची काळजी करू नका. कोथिंबिरीची जुडी, भेंडी, वांगी तुर्की दुकानांत मिळतात. मंगळवारी आणि शुक्रवारी माइबाखउफरला कालव्याकाठी बाजारही भरतो. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला यांसाठी भारतीय दुकानं आहेत, मसाला मात्र घरचाच आणा. एका खोलीच्या घरात मिरचीची फोडणी घालताना खिडकी उघडा, छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. तो काढून ठेवू नका, घरात असणं बंधनकारक आहे. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा.

माणसांसाठी मराठी मंडळ आहे, गणपतीला, दिवाळीला जरूर जा. पण ओळखी तेवढ्यावर ठेवू नका. ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन येण्याची अट नसते, त्यामुळे बरेच जण एक शब्द न शिकता येतात आणि काम इंग्रजीत चालतं म्हणून तसेच राहतात. पुण्यात किंवा मुंबईत असतानाच माक्स म्युलर भवनात पहिली पातळी करून या. इथे आल्यावर शहराच्या बाराही जिल्ह्यांत फोल्क्सहोखशूले म्हणजे लोकशिक्षण केंद्रं आहेत आणि त्यांची फी खासगी वर्गांपेक्षा बरीच कमी असते. दुपारनंतरचा वर्ग घ्या, ऑनलाइन नको, खोलीत बसून शिकायचा. जागा लवकर भरतात, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात नाव घाला.