अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घ्यायला निघालात? या चुका टाळा

इंटरव्ह्यू झाला, अधिकाऱ्याने हसून अभिनंदन केलं, की आपली मंडळी स्वतःला अमेरिकन समजायला लागतात. पेढे वाटून होतात, फेसबुकवर झेंडा लागतो आणि एखादा उत्साही गडी लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीच्या चौकोनातही खूण करून येतो. अहो, शपथ होईपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच असता. त्याआधी मतदार म्हणून नाव नोंदवणं हा नागरिक असल्याचा खोटा दावा ठरतो. त्यापायी नागरिकत्व लांबच राहिलं, हातातलं ग्रीन कार्डही धोक्यात येतं. शपथेनंतर बऱ्याच ठिकाणी नोंदणीचे फॉर्म तिथल्या तिथेच मिळतात. तेवढा दम धरायला काय हरकत आहे?

ओळखीपाळखीच्या लोकांचे हे कागद मी बरीच वर्षं नजरेखालून घालतोय. माणसं बदलतात, चुका त्याच.

पहिली चूक शपथेच्या बोलावण्यातच होते. ते पत्र, एन-४४५, घरी आलं की लोक तारीख, वेळ आणि पत्ता बघतात. मग पान उलटून मागचे प्रश्न दिसतात आणि त्याच संध्याकाळी पेनाने सगळीकडे 'नो' करून मोकळे होतात. ही उत्तरं शपथेच्या दिवशी द्यायची, असं त्या कागदावर छापलेलं असतं. पण छापलेलं वाचायचं कोणी? इंटरव्ह्यूनंतर तुमच्या आयुष्यात काय बदललं, एवढंच ते प्रश्न विचारतात: लग्न, घटस्फोट, देशाबाहेरचा प्रवास, अटक, पोलिसांनी दिलेलं तिकीट. पत्र आल्यानंतर आणि शपथेच्या आधी जे घडतं, ते मग राहूनच जातं. नायगऱ्याला जाऊन पलीकडे कॅनडात जेवून आलेल्यांना तर तो परदेश प्रवास वाटतच नाही! प्रवासाला 'येस' म्हटलं म्हणून कोणी हॉलबाहेर काढत नाही. अधिकारी दोन प्रश्न विचारतो, तारखा लिहून घेतो आणि पुढे जायला सांगतो. पोलिसांचं तिकीट मिळालं असेल तर दंड भरल्याची पावती जवळ ठेवा. लपवलेलं सापडलं तर मात्र दोन प्रश्नांवर भागत नाही. मी लोकांना सांगतो, पत्र पाकिटात घाला, नंतरच्या प्रवासाच्या तारखा त्या पाकिटावर लिहीत जा आणि पेन शपथेच्या दिवशी सकाळीच उघडा.

आता माझा सगळ्यात मोठा वैताग: शपथेच्या दिवशी मिळणारं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट न वाचता त्यावर सही करणं.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, हिशेबात पक्के, बिलातली दोन डॉलरची चूक पकडणारे. जन्म ७ मार्चचा. नागरिकत्वाचा अर्ज भरताना हात आपल्या सवयीने चालला, आधी दिवस, मग महिना, आणि अमेरिकन चौकोनात ती तारीख ३ जुलै झाली. इंटरव्ह्यूत त्यांच्याही लक्षात आलं नाही, समोरच्याच्याही नाही. शपथेच्या दिवशी सर्टिफिकेट हातात आलं. त्यावर महिना अक्षरात छापलेला असतो, म्हणजे चूक डोळ्यांत भरायला हवी होती. पण बायको-मुलं झेंड्याजवळ फोटोसाठी खोळंबली होती, म्हणून त्यांनी घाईत सही ठोकली. घरी आल्यावर मुलीने वाचून दाखवलं.

मग दुरुस्तीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण नियमच तसा आहे: अर्जात तुम्ही जे लिहिलं तेच सर्टिफिकेटवर आलं असेल, तर नंतर 'माझी जन्मतारीख वेगळी आहे' म्हणून ते बदलून मिळत नाही. छपाईची चूक कार्यालयाची असेल तर ते फुकट दुरुस्त करतात. चूक तुमची असेल तर ५०० डॉलरहून जास्त फी भरून नकाराचं पत्र पदरात पडू शकतं. या गृहस्थांचा अमेरिकन पासपोर्ट आता जुलैचा आणि जुना भारतीय पासपोर्ट मार्चचा. ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या वेळी प्रतिज्ञापत्रांची चळत लागली ती वेगळीच.

म्हणून आधी अर्जाची प्रत काढा आणि पासपोर्टशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. चूक दिसली तर शपथेआधी सांगा. शपथेच्या दिवशी सर्टिफिकेट दाखवतील तेव्हा नाव, जन्मतारीख, आधीचं नागरिकत्व, वैवाहिक स्थिती आणि ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा तुमचा क्रमांक) बोट ठेवून वाचा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं याचा घोळ हमखास असतो, तिथे दोनदा वाचा. रांगेतला मागचा माणूस सुस्कारे टाकेल. टाकू दे. घाई करणाऱ्यांची मला दया येत नाही, कारण घाईने फार तर दोन मिनिटांची बचत होते.

दुसरा वैताग म्हणजे शपथेच्या पुढच्या आठवड्यातलं भारताचं तिकीट. शपथेला ग्रीन कार्ड परत घेतात. भारतीय पासपोर्ट तिथे कोणी मागत नाही, म्हणून लोकांना वाटतं तो अजून चालतो. चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं आणि त्यानंतर तो पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. म्हणजे शपथेनंतर काही काळ तुमच्याकडे प्रवासाचा एकही कागद नसतो. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय किंवा व्हिसा, असा क्रम आहे. पासपोर्ट एजन्सीत १४ दिवसांच्या आतल्या प्रवासासाठी तातडीची अपॉइंटमेंट मिळू शकते, पण तिच्या भरवशावर सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं तिकीट काढणाऱ्यांना मी नमस्कार करतो. तिकीट आधी काढलंच असेल तर शपथेची तारीख पुढे मागून घ्या आणि ग्रीन कार्डवर जाऊन या.

पण पितृपक्ष आहे, अमावस्या आहे, असल्या कारणांसाठी तारीख पुढे ढकलू नका. कारण लेखी द्यावं लागतं, नवी तारीख तुमच्या हातात नसते, आणि सबळ कारणाशिवाय एकाहून जास्त वेळा गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात. घरात सतरा वर्षांचं पोर असेल तर मुळीच नाही. तुमच्या शपथेच्या वेळी ते १८ च्या आत, ग्रीन कार्डवर आणि तुमच्या ताब्यात, तुमच्याबरोबर अमेरिकेत राहत असेल, तर आपोआप नागरिक होतं. अठरावा वाढदिवस मध्ये आला की त्याला स्वतःचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

बाकी किरकोळ. जीन्स, शॉर्ट्स, चपला नकोत, हे पत्रातच लिहिलेलं असतं. पैठणी चालते. ग्रीन कार्ड देण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा.

सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. त्यावर बेकायदा प्रत काढणं गुन्हा असल्याचं छापलंय म्हणून घाबरूही नका, पासपोर्टच्या अर्जाला मूळ सर्टिफिकेटसोबत त्याची झेरॉक्सच मागतात. मूळ कागद टपालाने जातो आणि सावकाश परत येतो, तेव्हा घरात दोन-तीन प्रती असू द्या. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात नागरिकत्वाची नोंद करायला निदान १० दिवस थांबून जा, नाहीतर त्यांच्या संगणकाला तुम्ही नागरिक झाल्याचं ठाऊकच नसतं. आणि पासपोर्टच्या डीएस-११ फॉर्मवर घरी सही करून नेऊ नका, ती काउंटरवर त्यांच्यासमोरच करायची असते.