अमिनो ॲसिड ॲनालायझरवर बसण्याआधी

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, ॲनालायझर कधी चालवायला मिळेल?" म्हणजे रक्तातलं एकेक अमिनो ॲसिड वेगळं करून मोजणारं यंत्र. मी त्यांना आधी सेंट्रिफ्यूजपाशी, म्हणजे रक्त गरगर फिरवून प्लाझ्मा (पेशींवरचा द्रव) वेगळा करणाऱ्या यंत्रापाशी, उभं करते. रक्त हेपरिनच्या, हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आलंय ना, प्लाझ्माला लालसर झाक नाही ना, हे बघायची सवय लागली की निम्मं काम आलं.

हे मी ठेच लागून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाळाच्या रिपोर्टमध्ये आर्जिनीन खूप खाली आणि ऑर्निथीन वर दिसलं; दोन्ही अमिनो ॲसिडंच. काहीतरी दुर्मीळ सापडलं म्हणून मी धावत सीनियर मॅडमकडे गेले. त्यांनी उरलेली ट्यूब काढून उजेडात धरली. प्लाझ्मा गुलाबी होता. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतलं आर्जिनेज हे एन्झाइम आर्जिनीनचं ऑर्निथीन करून टाकतं. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ॲसिडही वाढतं. नव्याने रक्त मागवलं, ते नॉर्मल निघालं. ग्लुटामीनचंही असंच. प्लाझ्मा बाहेर राहिला तर ते घटतं आणि ग्लुटामिक ॲसिड वाढतं. म्हणून वेगळा केलेला प्लाझ्मा लगेच डीप फ्रीजरमध्ये.

यंत्राचं तत्त्व जुनंच आहे. स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी 1958 मध्ये ही पद्धत स्वयंचलित केली. सल्फोसॅलिसिलिक ॲसिडने प्रथिनं खाली बसवायची, वरचं निवळ गाळून, तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणात नॉरल्युसीन घालून यंत्रावर लावायचं. लिथियम बफरमुळे आयन एक्स्चेंज कॉलममधून (रेझिन भरलेल्या नळीतून) एकेक अमिनो ॲसिड सुटतं, पुढे गरम कॉइलमध्ये निनहायड्रिन या रसायनाशी रंग धरतं, आणि तो रंग मोजला जातो. जांभळा रंग 570 नॅनोमीटरवर, प्रोलीनचा पिवळा 440 वर. एका सॅम्पलला साधारण दोन तास लागतात.

टँडम मासवर, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, सुकलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून हेच दोन-तीन मिनिटांत होतं, मग हा कॉलम कशाला, असं सगळेच विचारतात. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि ॲलोआयसोल्युसीन यांचं वस्तुमान एकच, त्यामुळे नवजात बाळांच्या नेहमीच्या तपासणीत ती तिन्ही एकत्रच मोजली जातात. मेपल सिरप युरिन डिसीज या आनुवंशिक आजाराची (यात शरीराला ल्युसीनसारखी अमिनो ॲसिडं मोडता येत नाहीत) खात्री मात्र ॲलोआयसोल्युसीनवरच होते. आजाराच्या सुरुवातीला आलेखावरचा त्याचा पीक (उंचवटा) इतका बारीक असतो, की सॉफ्टवेअर कधी कधी तो सोडून देतं. त्यामुळे संशयित बाळाचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे तो आलेख, छापून काढा, आयसोल्युसीनच्या पीकआधीची बेसलाइन (आलेखाची तळरेषा) स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, मगच रिपोर्टवर सही करा.